घरच्या टोमॅटोचा भाव काय?

गच्चीतला पहिला टोमॅटो लाल झाला तेव्हा आम्ही त्याच्या चार फोडी केल्या, वर मीठ भुरभुरलं आणि चौघांनी उभ्याउभ्याच खाल्ला. खाऊन झाल्यावर नवऱ्याने सहज विचारलं, "केवढ्याला पडला गं हा?" मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. बिलं मी टाकून दिली नव्हती, स्वयंपाकघरात वजनकाटा होता. म्हटलं, वर्षभर लिहूनच ठेवू. त्या वहीतून जे निघालं ते इथे सांगते. आकडे माझ्या घरचे आणि भाव पुण्यातल्या माझ्या गल्लीतले. तुमच्याकडे ते वेगळे असतील, हिशोबाची रीत मात्र हीच.

सुरुवातीचा खर्च आधी. 12 बाय 12 इंचांच्या बारा ग्रो बॅग, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्या, 540 रुपये. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, पाच किलोच्या दोन विटा, 500. चार पोती लाल माती 400 आणि ती आणायला टेम्पोवाल्याला 200. गांडूळखत 40 किलो, 800. निंबोळी पेंड 160, बियांची आठ पाकिटं 320, झारी 180, खुरपं 90, हिरवी शेडनेट 600, बांबू आणि सुतळी 250. बेरीज 4,040 रुपये. नर्सरीतून बाहेर पडताना आणखी दोन बाटल्या हातात होत्या, एक 'ग्रोथ बूस्टर' आणि एक कसलंसं समुद्री शेवाळाचं टॉनिक. नवऱ्याने त्या परत ठेवायला लावल्या. तेव्हा राग आला होता, पण बरं केलं त्याने.

आता 4,040 ला त्या एका टोमॅटोने भागलं तर उत्तर भयंकर येतं. समाजमाध्यमांवरचे 'मला एक भेंडी पाचशे रुपयांना पडली' छापाचे विनोद असेच तयार होतात. पण प्रेशर कुकर आणला त्या दिवशीचा वरणभात तीन हजारांना पडला असं आपण म्हणत नाही. कुकरची किंमत त्याच्या आयुष्यावर पसरायची असते. बॅगा, नेट, झारी, बांबू, माती, कोकोपीट हे सगळं साधारण तीन वर्षं चालतं. टेम्पोच्या भाड्यासकट त्यांचे 2,760 झाले, त्याचा वर्षाचा वाटा 920. खत, पेंड आणि बियाणं हे दरवर्षी संपणारं, त्याचे 1,280. म्हणजे माझ्या बागेचा एका वर्षाचा खरा खर्च 2,200 रुपये.

जमेची बाजू लिहिणं मात्र अवघड. एक किलो वांगी निघाली तर त्याची किंमत काय धरायची? मी दोन नियम ठरवले. पहिला, त्या दिवशी आमच्या भाजीवाल्या मावशींकडे जो भाव असेल तो धरायचा, मॉलमधल्या 'ऑरगॅनिक' पाकिटाचा नाही. आम्ही कधीच ते पाकीट घेत नव्हतो, मग त्या भावाने बचत दाखवणं ही स्वतःचीच फसवणूक. दुसरा नियम जास्त कडक: जी भाजी एरवी विकत आणलीच नसती, तिची बचत शून्य. फेब्रुवारीत एका आठवड्यात दीड किलो वांगी निघाली. आम्ही दोनदा भरली वांगी केली, एकदा भरीत केलं, उरलेली वरच्या मजल्यावर वाटली. वाटलेली वांगी वहीत धरली नाहीत. शेजार जोडला गेला हे खरं, पण पैसे वाचले नाहीत.

वर्षाअखेर पान असं दिसत होतं. टोमॅटो चार रोपांचे मिळून साडेपाच किलो, 165 रुपये. वांगी तीन किलो, 150. भेंडी दोन किलो, 120. मिरची 900 ग्रॅम, 72. पालक चौदा जुड्या, 210. मेथी सहा जुड्या, 120. कोथिंबीर वीस जुड्यांइतकी, 300. अळू सहा जुड्या, 90. शिवाय कढीपत्ता, पुदिना, गवती चहा असं पाच-पाच रुपयांचं किडुकमिडुक शंभरेक वेळा तोडलं, त्याचे 500. एकूण 1,727 रुपये. खर्च 2,200. तोटा 473.

इथे वही मिटून 'हौसेला मोल नाही' म्हणता आलं असतं. पण एका रविवारी मी तीच बेरीज वेगळ्या तऱ्हेने केली: कुठल्या कुंडीने किती दिले? विकत आणलेल्या बारा बॅगांत टोमॅटो, वांगी, भेंडी आणि मिरची होती. त्यांची मिळून जमा 507. आणि पालक, मेथी, कोथिंबीर, अळू, पुदिना? ते फळवाल्याकडून आलेल्या जुन्या खोक्यांत, फुटक्या टबात आणि सिमेंटच्या दोन पुरातन कुंड्यांत होतं. कढीपत्त्याचं झाड तर आम्ही या घरात राहायला येण्याआधीपासूनचं. त्या भंगाराने 1,220 दिले. ज्यावर पैसे ओतले ते तोट्यात आणि जे कोपऱ्यात पडून होतं त्याने घर चालवलं.

का बरं?

फळभाजीचं रोप आधी मूळ, खोड, पानं असा स्वतःचा संसार उभा करतं, मग फुलतं, मग फळतं. आपण खातो ते फक्त फळ. टोमॅटोचं रोप कुंडीत लावल्यावर पहिला तोडा यायला दोन-सव्वादोन महिने लागतात. तोवर ते खत खातं, पाणी पितं, जागा अडवतं. पालक-मेथीचं आपण पानच खातो, म्हणजे रोपाने जे कमावलं ते जवळजवळ सगळं ताटात. मेथी महिन्याभरात कापायला येते, पालक एकदा लावला की तीन-चार वेळा कापता येतो. मातीची गरजही निम्मी. फळभाजीला फूटभर खोली लागते, पालेभाजीला सहा-आठ इंच पुरतात. म्हणजे तेवढीच माती पातळ पसरली की दुप्पट क्षेत्र हाताशी येतं. हा हिशोब मला कोणी आधी सांगितला असता तर बारा खोल बॅगा आणल्याच नसत्या.

दुसरं कारण बाजारातलं. टोमॅटो, कांदा, बटाटा यांना प्रवास सोसतो. नारायणगावच्या बाजारातून क्रेटच्या क्रेट ट्रकमध्ये चढतात. एकरांनी पिकवणाऱ्या शेतकऱ्याशी आणि टनांनी खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याशी तुमची चार रोपं भावात स्पर्धा करूच शकत नाहीत. पालेभाजीचं तसं नसतं. ती सकाळी टवटवीत आणि संध्याकाळी मलूल. विकणाऱ्याचा जो माल सुकून फुकट जातो त्याची किंमत विकल्या गेलेल्या जुडीत मिसळलेली असते. पावसाळ्यात तर कोथिंबिरीची जुडी दहा रुपयांवरून पन्नास-साठवर जाते. त्यातून आपण जुडी आणतो, चार काड्या वापरतो आणि पाचव्या दिवशी फ्रिजच्या तळाशी तिचा काळा चिखल सापडतो. घरच्या खोक्यातून लागतील तेवढ्याच चार काड्या तोडायच्या. त्यामुळे माझी कोथिंबीर तोलली तर वजनाने थोडी, पण तिने वाचवलेल्या जुड्या बऱ्याच.

कढीपत्त्याचंही तेच. पूर्वी अर्धा किलो भाजी घेतली की मावशी पिशवीत दोन काड्या वरून टाकायच्या. आता "कढीपत्ता दहाचा आहे ताई" असं ऐकू येतं. गच्चीत कढीपत्ता, पुदिना, गवती चहा आणि मिरची एवढं चिमटीचिमटीने लागणारं असलं, तरी हिशोब जुळायला लागतो.

"पण टोमॅटो दीडशे-दोनशेवर गेले होते तेव्हा?" असं कोणीतरी विचारतंच. जुलै 2023 ची गोष्ट. त्या महिन्यात आमच्या सोसायटीत निम्म्या घरांनी टोमॅटो लावले. पण बी पेरल्यापासून फळ हाती यायला तीन महिने जातात. जुलैत पेरलेलं ऑक्टोबरमध्ये येणार. आणि झालं काय? सप्टेंबरपर्यंत भाव असे कोसळले की नाशिककडे शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. भाव चढला की सगळे लावतात आणि सगळ्यांचं एकदमच बाजारात येतं. या चक्रात शेतकरी दर दोन-चार वर्षांनी भरडला जातो, त्याच्यापाशी निदान बाजाराचा अनुभव तरी असतो. आपण पेपर वाचून बी पेरलं तर उशीर ठरलेलाच.

सासूबाई कराडकडच्या. माझी वही पाहून त्यांना हसूच आवरेना. "अगं, परसातल्या भाजीला कसला आलाय खर्च?" म्हणाल्या. आणि खरंच त्यांच्या परसाला खर्च नव्हता. मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू आणि केळ. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, उकिरड्यावरचं खत. बी म्हणून मागच्या वर्षीचा एक दोडका वेलावरच वाळवलेला, एक काशीफळ माळ्यावर ठेवलेलं. घेवड्याचा वेल कुंपणावर, म्हणजे मांडवही फुकट. घरातून जे टाकायचं त्यावरच परसबाग जगायची. शहरात आपण नेमकं उलटं करतो: ओला कचरा घंटागाडीत देतो आणि माती, खत, बी, दोरी सगळं दुकानातून आणतो. परसबाग स्वस्त होती ती या फुकटच्या जिनसांमुळे, भाजीमुळे नाही.

हे शहरात जमत नाही असंही नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास कॅन्टीनच्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. माती विकत आणून ओतण्याऐवजी उष्टं-खरकटं, भाज्यांची देठं आणि पालापाचोळा कुजवून त्यातच झाडं वाढवली. यामागचा विचार कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवार' या प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातून आलेला. झाडाचं बहुतेक वजन मातीतून येत नाही, हवा, पाणी आणि उन्हातून येतं. माणसाने पानांवर पडणारं ऊन वाया जाऊ देऊ नये, हे ते हयातभर सांगत राहिले. बियाण्याचंही तसंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बी जपून बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गावरान वाणाचं बी धरून पुन्हा पेरता येतं. पाकिटातल्या संकरित बियाचं तसं नसतं, त्याच्या पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत आणि दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं.

मेथी, धणे, मोहरी यांची तर पाकिटं घ्यायचीच नाहीत. डब्यातले धणे चपलेने हलके रगडून त्यांची दोन दलं करायची, रात्रभर भिजवायचे आणि पेरायचे. मेथीदाणे तसेच. पुदिन्याच्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं फुटतात. चाळीस रुपयांच्या पाकिटात मेथीचे जेवढे दाणे असतात तेवढे आपण एका फोडणीत टाकतो.

आता उन्हाबद्दल, कारण बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. फळभाजीला रोज सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं. बाल्कनी उत्तरेला असेल तर एक गोष्ट समजून घ्या. पुण्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटी. फक्त या अडीच महिन्यांतच दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि त्यातले निम्मे दिवस आभाळ भरलेलं. भाजीचा खरा हंगाम म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला. म्हणजे उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळ्यात थेट ऊन येतच नाही. तिथे टोमॅटो लावणं म्हणजे पैसे कुंडीत पुरणं. अळू, पुदिना लावावा, किंवा सरळ मनीप्लांट. नर्सरीत जाण्याआधी एक दिवस घरी थांबून दर तासाला ऊन कुठे पडतंय ते खडूने आखा. खडूला एक रुपया लागतो.

पाणी हिशोबात धरायचं का? माझ्या दोन डझन कुंड्या-खोक्यांना मे महिन्यात रोज तीस-चाळीस लिटर लागतं. महापालिकेच्या पाण्यावर त्याची किंमत जाणवत नाही. पण सोसायटीत टँकर सुरू झाले की गच्चीवर पाइप धरून उभं राहायला लाज वाटते. डाळ-तांदूळ धुतलेलं आणि भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवलं की निम्मी गरज भागते. मेमध्ये मी निम्मी खोकी रिकामीच ठेवते, कारण चाळीस अंशांत पालक जगवण्यापेक्षा मावशींकडून घेणं परवडतं.

आणि वेळ. रोज पंधरा मिनिटं धरली तरी वर्षाचे नव्वद तास होतात. तासाला पन्नास रुपये लावले तर साडेचार हजार, म्हणजे सगळा खेळ खलास. माझं मत असं की जो वेळ एरवी मोबाइलवर गेला असता त्याला पैसे लावू नयेत. पण माळी ठेवणार असाल तर तो खर्च खराखुरा आहे. महिना पाचशे म्हटले तरी वर्षाला सहा हजार. त्यात भाजी परवडायचा प्रश्नच येत नाही. फुलझाडं लावा, निदान हिशोब तरी करावा लागणार नाही.

एक खर्च मात्र कोणीच आधी सांगत नाही, तो म्हणजे स्लॅब. आपल्याकडच्या बांधकामाच्या मानकानुसार वावरायच्या गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो इतकाच वाढीव भार गृहीत धरलेला असतो. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा थर एका चौरस मीटरवर पाचशे किलोच्या वर जातो. म्हणून गच्चीभर विटांचे वाफे करून माती ओतणं धोक्याचं. वजनाने हलकं मिश्रण वापरा आणि कुंड्या कडेने, खाली कॉलम-बीम असतील तिथे ठेवा. शंका असेल तर इंजिनिअरला विचारा. दुसरा प्रश्न ओलीचा. पहिल्या पावसाळ्यात माझ्या बॅगा थेट फरशीवर होत्या. त्यांच्याखाली पाणी मुरलं आणि खालच्या काकांच्या बेडरूमच्या छताला नकाशा उमटला. काका भले, रंगाच्या एका हातावर निभावलं. वॉटरप्रूफिंग करायची वेळ आली असती तर पुढच्या वीस वर्षांची भाजी त्यात गेली असती. आता प्रत्येक कुंडी विटांवर असते.

"पण औषधं न मारलेली भाजी मिळते, त्याचं काय?" मिळते, मान्य. पैशात मांडता येत नाही म्हणून मी ती वहीत धरली नाही, पण मुलांना मिरची आणि अळू सोडून बाकी सगळं धुवून कच्चं खाताना पाहिलं की बरं वाटतं. मात्र घरची म्हणजे आपोआप शुद्ध असं समजू नका. हमरस्त्यालगतच्या बाल्कनीतल्या पानांवर धूर-धूळ बसतेच, ती नीट धुवा. ऑइलपेंटच्या जुन्या डब्यात तर खाण्याचं काही लावूच नये. चवीचं म्हणाल तर टोमॅटोत फरक जाणवतो, कारण तो झाडावर पिकतो. बाजारातला बऱ्याचदा वाटेत पिकलेला असतो. भेंडीत मला काही फरक कळला नाही. कोणाला कळत असेल तर ते भाग्यवान.

दुसऱ्या वर्षी मी सहा बॅगा रिकाम्या करून त्यांची माती फळवाल्याच्या चार जुन्या क्रेटमध्ये पसरली. क्रेट 320 ला मिळाले, वर्षाचा वाटा 107. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि वाळका पाला एका भोकं पाडलेल्या ड्रममध्ये कुजवायला लागले, त्यामुळे खताचे 800 चे 300 झाले. पेंड 80, बियाणं 130. जुना वाटा 920 तसाच. खर्च 1,537.

जमेला पालेभाज्यांचे 1,120, कोथिंबिरीचे 420, चिमटीच्या किडुकमिडुकाचे 560, मिरचीचे 170 आणि टोमॅटो-घेवड्याचे मिळून 120. एकूण 2,390. नफा 853 रुपये, म्हणजे महिन्याला 71.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चार वडापाव झाले की!" यंदा भेंडी पूर्ण बंद आहे, वांगं एकच. टोमॅटोचं एक रोप कोपऱ्यात ठेवलंय, त्याला खतही खास वेगळं घालते. साडेपाच किलो कधी देणार नाही ते, पण पहिला टोमॅटो लाल झाला की चार फोडी होतातच.